जॉन न्यूटन : पतन, कृपा आणि कबुली

'अमेझिंग ग्रेस' हे इंग्रजी भक्तिगीत ठाऊक नसलेला ख्रिस्ती माणूस विरळाच. देवळांत, अंत्यविधीच्या वेळी, शाळांच्या प्रार्थनासभांत ते जगभर गायले जाते. ते रचणारे जॉन न्यूटन एकेकाळी गुलामांच्या जहाजाचे कप्तान होते, हेही अनेकांनी ऐकलेले असते. समुद्रात वादळ झाले, कप्तानाने देवाचा धावा केला, त्याचे हृदयपरिवर्तन झाले आणि त्याने तो निंद्य व्यापार तत्क्षणी सोडला, अशी ही कथा बहुधा सांगितली जाते. प्रत्यक्षात घडले ते निराळेच, आणि पुष्कळ अधिक अंतर्मुख करणारे आहे.

जॉनचा जन्म २४ जुलै १७२५ रोजी लंडनमध्ये, थेम्स नदीकाठच्या वॉपिंग या खलाशांच्या वस्तीत झाला. वडील भूमध्य समुद्रावर व्यापार करणाऱ्या जहाजाचे कप्तान असल्यामुळे बहुतेक काळ घराबाहेर असत. आई एलिझाबेथ प्रकृतीने नाजूक, परंतु निष्ठावंत श्रद्धाळू होती. मुलगा चार वर्षांचा असतानाच तिने त्याला वाचायला शिकविले, शास्त्रवचने आणि भक्तिगीते पाठ करून घेतली. त्याने मोठेपणी धर्मोपदेशक व्हावे, ही तिची मनीषा होती. पण १७३२ साली, मुलाच्या सातव्या वाढदिवसाला थोडेच दिवस उरले असताना, क्षयाने तिचा अंत झाला. वडिलांनी दुसरा विवाह केला आणि जॉनला निवासी शाळेत ठेवले. तेथील शिक्षकाच्या कठोरपणामुळे मुलाचे मन मिटून गेले. त्याचे शालेय शिक्षण एवढ्या दोन वर्षांतच आटोपले. अकराव्या वर्षी तो वडिलांबरोबर समुद्रावर गेला.

तारुण्यात तो उच्छृंखल झाला. १७४२ मध्ये आईच्या स्नेह्यांच्या घरी त्याची मेरी कॅटलेट या मुलीशी भेट झाली. तिच्यावर त्याचे मन जडले ते कायमचे. परंतु ते प्रेमही त्याला मार्गावर ठेवू शकले नाही. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तरुणांना बळजबरीने पकडून नौदलात भरती करीत. १७४४ मध्ये जॉनही असाच 'हार्विच' या युद्धनौकेवर जाऊन पडला. तेथे त्याने आईने दिलेली श्रद्धा उघडपणे टाकून दिली आणि इतरांचीही श्रद्धा ढळावी म्हणून तो खटपट करू लागला. पळून जाण्याच्या प्रयत्नात तो पकडला गेला. सर्वांसमोर त्याला फटके मारण्यात आले आणि त्याचा हुद्दा काढून घेण्यात आला. पुढे त्याची रवानगी पश्चिम आफ्रिकेकडे जाणाऱ्या एका व्यापारी जहाजावर झाली.

सिएरा लिओनच्या किनाऱ्याजवळील प्लँटन बेटांवर तो एका गोऱ्या गुलामव्यापाऱ्याच्या चाकरीत राहिला. तेथे तो तापाने आजारी पडला असता त्या व्यापाऱ्याच्या आफ्रिकन पत्नीने त्याची उपेक्षा केली, त्याला उपाशी ठेवले, त्याची टवाळी केली. अंगावर धड कपडा नाही, पोटात अन्न नाही, अशा अवस्थेत एक भूमितीचे पुस्तक तेवढे त्याच्याजवळ उरले होते. वाळूवर काठीने आकृत्या काढून तो मन रमवीत असे. या दिवसांत साखळदंडांत जखडलेल्या गुलामांनी आपल्या तुटपुंज्या अन्नातला घास चोरून त्याला दिला. ज्यांनी त्याला जगविले त्यांच्याच बांधवांना पुढे त्याने बाजारात नेले.

वडिलांच्या विनंतीवरून 'ग्रेहाउंड' नावाच्या जहाजाच्या कप्तानाने त्याला तेथून सोडविले. प्रसिद्ध वादळ झाले ते या जहाजावर. तेव्हा न्यूटन कप्तान नव्हता, आणि ते जहाजही गुलामांचे नव्हते. त्यावर मेण, रंगाचे लाकूड असा माल होता. मार्च १७४८ मध्ये उत्तर अटलांटिक महासागरात एका रात्री लाटांनी जहाजाची एक बाजू फोडली. मेण आणि लाकूड पाण्यापेक्षा हलके, म्हणूनच जहाज तरंगत राहिले. तासन्‌तास पाणी उपसून थकलेल्या न्यूटनला सुकाणूवर उभे करण्यात आले. तेथे, वर्षानुवर्षांनंतर प्रथमच, त्याने परमेश्वराकडे दयेची याचना केली. सुमारे चार आठवड्यांनी, अन्न जवळजवळ संपले असताना, ते जहाज आयर्लंडच्या किनाऱ्याला लागले. २१ मार्च हा दिवस त्याने पुढे आयुष्यभर प्रार्थनेत आणि आत्मपरीक्षणात घालविला.

आणि तरीही, त्याच वर्षी तो एका गुलामवाहू जहाजावर दुय्यम अधिकारी म्हणून रुजू झाला. १७५० मध्ये मेरीशी त्याचा विवाह झाला. त्यानंतर १७५४ पर्यंत त्याने स्वतः कप्तान म्हणून गुलामांच्या व्यापाराच्या तीन सफरी केल्या. या सफरींत तो नेमाने बायबल वाचीत असे, लॅटिनचा अभ्यास करीत असे, मेरीला प्रेमाने ओथंबलेली पत्रे लिहीत असे, रविवारी खलाशांना जमवून उपासना चालवीत असे. तो उपासना करी त्या फळ्यांच्याच खाली माणसे साखळ्यांनी जखडून, एकमेकांना चिकटून निजविलेली असत. गुलाम बंड करणार अशी कुणकुण लागताच कबुली मिळविण्यासाठी त्याने पोरसवदा कैद्यांची बोटेही चापात आवळली. हे त्याने स्वतःच आपल्या नोंदवहीत टिपून ठेवले आहे.

न्यूटनच्या जीवनातील सर्वांत मोठे नैतिक पतन हेच होय. ते श्रद्धा गमावलेल्या, शिवराळ खलाशाच्या हातून घडले नाही. ते प्रार्थना करणाऱ्या, पत्नीवर प्रेम करणाऱ्या माणसाच्या हातून घडले. तो धंदा कायदेशीर होता, प्रतिष्ठित होता. लिव्हरपूलसारखी बंदरे त्यावर पोसली जात होती. सभोवतीच्या सज्जनांपैकी कोणी त्याला हटकले नाही, आणि त्याच्या सदसद्विवेकबुद्धीनेही जे सर्वमान्य होते तेच योग्य मानले.

१७५४ मध्ये त्याने समुद्र सोडला, तोही पश्चात्तापामुळे नव्हे. नव्या सफरीच्या तोंडावर त्याला अकस्मात झटका आला म्हणून. पुढील वर्षी त्याला लिव्हरपूल बंदरात जकात खात्याची नोकरी मिळाली. तेथे त्याने ग्रीक व हिब्रू भाषांचा अभ्यास केला. धर्मसेवेसाठी केलेले अर्ज कित्येक वर्षे नाकारले गेल्यानंतर, १७६४ मध्ये त्याला दीक्षा मिळाली. त्याच वर्षी त्याचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. त्यात आपल्या तरुणपणीच्या अनेक दोषांची त्याने कबुली दिली. गुलामांच्या व्यापाराविषयी मात्र, ते काम मनाला रुचत नव्हते, याहून फारसे काही म्हटले नाही.

रेव्हरंड न्यूटन यांचे पहिले कार्यक्षेत्र बकिंगहॅमशायरमधील ऑल्नी हे गाव होते. हाताने लेस विणून पोट भरणारी गरीब माणसे तेथे राहत. त्यांच्यासाठी न्यूटन सोप्या भाषेत गीते रचू लागले. कवी विल्यम कूपर त्यांचे शेजारी आणि स्नेही झाले. तीव्र खिन्नतेच्या आजाराने कूपर खचले असता न्यूटन यांनी त्यांची जिवापाड काळजी घेतली. १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी न्यूटन यांनी जे गीत रचले तेच 'अमेझिंग ग्रेस'. दोघांच्या गीतांचा संग्रह १७७९ मध्ये निघाला. आपण आंधळे होतो आणि आता डोळस झालो, असा या गीताचा आशय आहे. परंतु ते लिहिताना न्यूटन यांची दृष्टी पुरती उघडली होती असे म्हणवत नाही. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यांनी अजून जाहीरपणे शब्द उच्चारला नव्हता.

१७८० मध्ये ते लंडनमधील सेंट मेरी वुलनॉथ या देवळात धर्मगुरू म्हणून आले. डिसेंबर १७८५ मध्ये २६ वर्षांचे संसदसदस्य विल्यम विल्बरफोर्स गुपचूप त्यांच्या भेटीस आले. श्रद्धेच्या ओढीने आपण राजकारण सोडावे की काय, असा त्यांना प्रश्न पडला होता. न्यूटन यांनी त्यांना संसदेतच राहून देवाची सेवा करण्याचा सल्ला दिला. पुढे विल्बरफोर्स यांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढा उभारला, आणि त्यासाठी साक्षीदाराची गरज पडली.

१७८८ मध्ये, समुद्र सोडून ३४ वर्षे झाल्यावर, न्यूटन यांनी आफ्रिकेतील गुलामव्यापारावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. जहाजाच्या तळातील कोंदट जागा, रोग, स्त्रियांवरील अत्याचार, शिक्षा यांचे वर्णन त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्याच्या अधिकाराने केले, आणि या कृत्यांत आपण स्वतः सहभागी होतो, ही लज्जास्पद कबुली फार उशिरा येत आहे, हेही मान्य केले. लंडनमध्ये मानमरातब मिळालेल्या, ६२ वर्षांच्या धर्मगुरूला असे लिहिण्याची सक्ती कोणी केली नव्हती. त्यांनी प्रिव्ही कौन्सिलपुढे आणि पुढे संसदेच्या समितीपुढेही साक्ष दिली.

न्यूटन यांच्या जीवनाचा एक धागा आपल्या मायबोलीच्या इतिहासापर्यंत पोहोचतो. आईवडिलांना खोटे सांगून घर सोडलेला क्लॉडियस ब्युकॅनन हा स्कॉटिश तरुण लंडनमध्ये त्यांच्याकडे आला. न्यूटन यांनी त्याला सावरले, त्याच्या शिक्षणाची सोय करविली. हेच ब्युकॅनन पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजचे उपप्रमुख झाले. त्या कॉलेजात विल्यम केरी मराठी शिकवीत, आणि त्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापले गेले.

मार्च १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा संमत केला. त्याच वर्षी २१ डिसेंबरला, दृष्टी जवळजवळ गेलेले न्यूटन निधन पावले. आपल्या समाधिलेखाचा मजकूर त्यांनी स्वतःच लिहून ठेवला होता. आपण एकेकाळी नास्तिक, स्वैराचारी आणि आफ्रिकेत गुलामांचा चाकर होतो, आणि येशू ख्रिस्ताच्या दयेने आपल्याला वाचविले व क्षमा केली, असा त्याचा भावार्थ आहे. कप्तानपदाचा त्यात उल्लेख नाही. ती कबुली पुस्तिकेत आहे, जिथे तिचा उपयोग होता.

कृपा म्हणजे पापाची नोंद पुसून टाकणे, असे आपण सहज समजतो. न्यूटन यांच्या बाबतीत कृपेने ती नोंद पुसली नाही. त्यांनाच ती वाचायला लावली. वादळातील प्रार्थनेपासून त्या पुस्तिकेपर्यंत ४० वर्षे लागली. एवढ्या विलंबाची किंमत मोजली ती जहाजाच्या तळाशी असलेल्या माणसांनी, हे विसरून चालणार नाही. परंतु आपल्याला क्षमा आहे अशी खात्री असलेलाच माणूस आपला अपराध निर्भयपणे सांगू शकतो, हेही तितकेच खरे.

शाळेतून बाहेर पडलेल्या आणि मुलांना शाळेत धाडणाऱ्या आपणा सर्वांना यातून एक प्रश्न उरतो. ज्या गोष्टी आज सर्वमान्य आहेत, ज्यांविषयी कोणी हटकत नाही, त्यांपैकी कोणत्या फळ्यांवर उभे राहून आपण प्रार्थना म्हणत आहोत? एलिझाबेथने पेरलेले बी उगवायला फार काळ लागला, पण ते मेले नव्हते. आपल्या मुलांना भक्तिगीते शिकविताना, चूक दिसताच ती बोलून दाखविण्याचे धैर्यही आपण त्यांना दिले, तर त्यांना ४० वर्षे लागणार नाहीत.