हकीम अजमल खान: जडीबुटीला प्रयोगशाळेच्या दारापर्यंत नेणारे मसीह-उल-मुल्क

थंडी सुरू झाली, घरात कोणाला सर्दी-खोकला झाला की आपल्याकडे आजही आधी जोशांदा उकळतो. मुलेठी, उन्नाब, बनफशा, गावजुबान ही नावं नानी-दादीच्या तोंडून ऐकतच आपण मोठे झालो. पण घरातलं कॉलेजला जाणारं पोरगं हल्ली विचारतं, की यानं खरंच बरं वाटतं का? आणि वाटत असेल तर यातल्या नेमक्या कोणत्या गोष्टीनं? प्रश्न ऐकून वडीलधारी मंडळी कधी कधी नाराज होतात. मात्र हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी हिंदुस्तानातल्या सर्वात मोठ्या हकीमानं स्वतःच्या तिब्बला विचारला होता. त्यांचं नाव हकीम अजमल खान. देश त्यांना मसीह-उल-मुल्क म्हणून ओळखतो.

हकीम साहेबांचा जन्म ११ फेब्रुवारी १८६८ रोजी दिल्लीत झाला. घराणं हकीमांचंच. त्यांचे पूर्वज बाबरच्या काळात हिंदुस्तानात आले आणि पुढे मोगल दरबारात त्यांच्या हिकमतीला मान मिळाला. त्यांच्यातल्याच हकीम शरीफ खान यांच्या नावावरून हे खानदान शरीफखानी म्हणून प्रसिद्ध झालं. बल्लीमारान मोहल्ल्यातली त्यांची हवेली म्हणजे शरीफ मंझिल. तिथे दिवसभर रुग्णांची रीघ लागलेली असायची. अजमल खान यांनी लहानपणीच कुरआन हिफ्ज केलं, अरबी-फारसी शिकले आणि तिब्बचं शिक्षण घरातच वडील व थोरल्या भावांकडून घेतलं.

१८९२ साली ते रामपूरच्या नवाबांचे मुख्य हकीम झाले. साधारण दहा वर्षं त्यांनी तिथे काढली. रामपूरच्या ग्रंथालयात अरबी-फारसी हस्तलिखितांचा मोठा खजिना होता, त्याचा त्यांनी भरपूर फायदा घेतला. जुन्या तबीबांनी एकेका वनस्पतीबद्दल किती बारकाईनं लिहून ठेवलंय हे त्यांनी पाहिलं. त्याचबरोबर हेही पाहिलं, की पुढच्या पिढ्यांनी त्यात फारशी भर न घालता नुसती नक्कल केली. हकीम साहेबांना आयुष्यभर बोचत राहिलेली गोष्ट ती हीच.

थोरले भाऊ हकीम अब्दुल मजीद खान यांनी १८८० च्या दशकात दिल्लीत मदरसा तिब्बिया सुरू केला होता. दोन्ही थोरले भाऊ काही वर्षांच्या अंतरानं गेले आणि खानदानाची, मदरशाची सगळी जबाबदारी अजमल खान यांच्यावर आली. त्यांनी नुसता कारभार सांभाळला नाही, तर रूपच पालटायला घेतलं. १९०९ साली त्यांनी स्त्रियांसाठी वेगळी शाळा काढली. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरांकडे जात नसत, बाळंतपणात कित्येकींचा जीव जायचा. म्हणून दायांना रीतसर शिक्षण देणं गरजेचं होतं. हिंदुस्तानी दवाखाना या नावानं औषधं बनवण्याचं काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं आणि त्याची कमाई शिक्षणाकडे वळवली गेली.

त्यांच्या फीबद्दल दिल्लीत पुष्कळ बोललं जायचं. शरीफ मंझिलमध्ये येणाऱ्या रुग्णाकडून ते पैसे घेत नसत. राजे-नवाबांनी दिल्लीबाहेर बोलावलं तर मात्र दिवसाचे एक हजार रुपये घेत. त्या काळी ही रक्कम केवढी असेल विचार करा! श्रीमंताच्या पैशावर गरिबाचा इलाज चालायचा, असा सरळ हिशेब होता.

याच काळात देशी वैद्यकावर संकट आलं. सरकारी मान्यता फक्त पाश्चात्य पद्धतीच्या डॉक्टरांना देण्याची हालचाल सुरू झाली. १९१२ साली आपल्या मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्यात हकीम आणि वैद्यांना जागा नव्हती. हा धोका ओळखून हकीम साहेबांनी १९१० सालीच वैद्य आणि हकीमांना एका परिषदेत एकत्र आणलं होतं. युनानी मुसलमानांची आणि आयुर्वेद हिंदूंचा, असली वाटणी त्यांना मान्य नव्हती. आजारी माणसाच्या उशाशी बसलेले दोघेही एकाच कामाला लागलेले आहेत, अशी त्यांची धारणा होती.

पण बघा, त्यांनी फक्त सरकारला दोष देऊन सोडलं नाही. १९११ मध्ये ते युरोपला गेले. लंडन, पॅरिस, बर्लिन अशा शहरांत फिरले, तिथली इस्पितळं आणि वैद्यकीय शिक्षणाची व्यवस्था डोळ्यांनी पाहिली. लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये त्यांची भेट तिथे काम करणाऱ्या डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्याशी झाली. एक हकीम, एक सर्जन. दोघांची दोस्ती शेवटपर्यंत टिकली. परत येताना हकीम साहेबांच्या मनात एक गोष्ट पक्की झाली होती. शरीररचना, शस्त्रक्रिया, रसायनशास्त्र शिकल्याशिवाय आपल्या तिब्बला पुढे जाता येणार नाही. जुन्या वळणाच्या अनेक हकीमांना हे रुचलं नाही. बुजुर्गांच्या इल्मवर हा अविश्वास आहे असं त्यांना वाटलं. हकीम साहेबांना मात्र वाटायचं, की जे खरं आहे त्याला तपासणीची भीती असायचं कारण नाही.

दिल्लीत करोलबागेत आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेज उभं राहिलं. २९ मार्च १९१६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी पायाभरणी केली. १३ फेब्रुवारी १९२१ रोजी उद्घाटन झालं ते महात्मा गांधींच्या हस्ते. या पाच वर्षांत देश किती बदलला होता हे यावरूनच कळतं. हकीम साहेबही बदलले होते. इंग्रज सरकारनं १९०८ मध्ये दिलेला हाजिक-उल-मुल्क हा किताब त्यांनी १९२० साली परत केला. सरकारची मर्जी राखली असती तर कॉलेजला मदत मिळत राहिली असती, तरीही त्यांनी हा निर्णय घेतला. सरकारचा किताब गेला, तेव्हा लोकांनी त्यांना मसीह-उल-मुल्क म्हटलं. खिलाफत आणि असहकार चळवळीत ते आघाडीवर राहिले. १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसचे निवडलेले अध्यक्ष चित्तरंजन दास तुरुंगात असल्यामुळे ती जबाबदारी हकीम साहेबांनी पार पाडली. १९२० मध्ये स्थापन झालेल्या जामिया मिल्लियाचे ते पहिले अमीर-ए-जामिया. पैशाअभावी जामिया बंद पडायची वेळ आली, तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी ती अलीगढहून दिल्लीला आणवली आणि खर्चासाठी स्वतःचा खिसा रिकामा केला.

एवढ्या धावपळीतही तो जुना प्रश्न डोक्यातून गेला नव्हता. औषधी वनस्पतींवर संशोधन करणारी संस्था तिब्बिया कॉलेजात हवी, आणि ती चालवायला हकीम नव्हे तर शिकलेला रसायनशास्त्रज्ञ हवा, हे त्यांनी ठरवलं. निवड झाली सलीमुज्जमां सिद्दीकी या तरुणाची. बाराबंकी जिल्ह्यातला जन्म, अलीगढचं शिक्षण, चित्रकलेचा नाद आणि १९२७ मध्ये जर्मनीच्या फ्रँकफर्ट विद्यापीठाची डॉक्टरेट. खानदानी हकीमानं आपल्या पिढीजात औषधांची परीक्षा तिशीतल्या पोराच्या हाती दिली. आजच्या काळातही किती जण असं करतील?

संशोधनाचं फळ पाहणं मात्र त्यांच्या नशिबी नव्हतं. २९ डिसेंबर १९२७ रोजी रामपूरमध्ये हृदयविकारानं त्यांचं निधन झालं. मय्यत दिल्लीला आणून तिथेच दफन करण्यात आली.

सिद्दीकींनी काम सुरू ठेवलं. त्यांनी घेतली असरौलची मुळं, म्हणजे आपण जिला सर्पगंधा म्हणतो ती वनस्पती. वेड लागलेल्या, झोप न येणाऱ्या माणसाला देशी उपचार करणारे पिढ्यानपिढ्या ही मुळी देत आले होते. मुळांची पूड करायची, त्यातला अर्क काढायचा, तो पुन्हा पुन्हा शुद्ध करत एकेक घटक वेगळा करायचा, असं हे चिकाटीचं काम. १९३१ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी रफत हुसेन सिद्दीकी यांनी या मुळांतून काही अल्कलॉइड वेगळे केल्याचं जाहीर केलं. त्यांतल्या एकाला नाव दिलं अजमलीन. आपल्या मरहूम मार्गदर्शकाचं नाव त्यांनी रसायनशास्त्राच्या पुस्तकात कायमचं लिहून टाकलं.

त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी रक्तदाबावर उपयोगी पडते असं लिहिलं. मग आपल्या मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पुढचं मोठं पाऊल टाकलं. १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात त्यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे निष्कर्ष छापले आणि जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष सर्पगंधाकडे वेधलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळं केलं. रक्तदाब आणि मानसिक आजार दोन्हींवर ते जगभर वापरलं गेलं.

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. रेसर्पिनमुळे काही रुग्णांना गंभीर उदासी येते असं आढळलं आणि नवी औषधं आल्यावर त्याचा वापर कमी झाला. अजमलीन हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं. ब्रुगाडा नावाचा हृदयाचा छुपा दोष ओळखण्यासाठी अनेक देशांत डॉक्टर आजही त्याची चाचणी करतात, पण ती इस्पितळात, हृदयाच्या आलेखावर नजर ठेवूनच. म्हणजे वनस्पती आहे म्हणून ती निरुपद्रवी असते असं नाही. मोबाईलवर आलेला नुस्खा वाचून घरात रक्तदाबाच्या गोळ्या बंद करणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं. शिवाय बेसुमार खोदाईमुळे जंगलातली सर्पगंधा इतकी घटली, की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आता नियंत्रण आहे.

आज हकीम साहेबांचा जन्मदिवस युनानी दिन म्हणून साजरा होतो. पुण्यात, मालेगावात, मुंबईत युनानी कॉलेजं आहेत, आपली मुलं-मुली तिथे शिकतात. ११ फेब्रुवारीला हार-फुलं, भाषणं होतातच. पण हकीम साहेबांची खरी विरासत हवी असेल तर त्या विद्यार्थ्यांपैकी काहींना प्रयोगशाळेत बसावं लागेल, आणि एखादा जुना नुस्खा चुकीचा निघाला तर तेही प्रामाणिकपणे सांगावं लागेल. पुढच्या वेळी घरातल्या पोरानं जोशांद्याबद्दल तो प्रश्न विचारला तर त्याला गप्प बसवू नका. तो हकीम अजमल खान यांचाच प्रश्न विचारतोय.

अल्लाह तआला त्यांची मगफिरत करो. आमीन.