जीवनाचं दुसरं गुपित

पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेबाहेर एक जतन केलेला जिराफ उभा होता. जर्मन फौजांनी शहर ताब्यात घेतलेलं, गेस्टापोची माणसं रस्त्यारस्त्यांवर, आणि या जिराफाच्या पायाच्या पोकळीत भूमिगत संघटनेचे कागद लपवलेले. ते तिथे ठेवणारा गृहस्थ तिशीतला होता. दिवसा तो काचेच्या चंबूत जिवाणू वाढवून त्यांची मोजदाद करी. भूमिगत सहकारी त्याला 'मालिव्हेर' म्हणून ओळखत. त्याचं खरं नाव झाक मोनो.

असा नायक मी माझ्या कादंबरीत घातला असता तर संपादकांनी हस्तलिखित साभार परत केलं असतं. उत्तम चेलोवादक, बाखच्या संगीताचं गायकवृंद चालवणारा, लहानपणी पोलिओने एक पाय अधू होऊनही कडे चढणारा, शिडाची होडी हाकणारा, भूमिगत सेनेचा अधिकारी आणि शेवटी नोबेल पारितोषिकाचा मानकरी! एका माणसाच्या पदरात एवढं घालताना लेखकाचाही हात आखडतो. मी विज्ञानाचा माणूस नाही. उभी हयात बँकेत काढली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. तरीही मोनोंबद्दल लिहावंसं वाटलं, कारण त्यांची सर्वांत लाडकी कल्पना बँकेत काम केलेल्या माणसाला चटकन उमगते. ती कशी, ते पुढे येईलच.

मोनोंचा जन्म पॅरिसचा, ९ फेब्रुवारी १९१० चा. वडील चित्रकार, आई अमेरिकन. बालपण दक्षिणेला समुद्रकाठच्या कान शहरात गेलं. १९२८ साली ते शिकायला पॅरिसला आले, पण संशोधनात लवकर जम बसेना. १९३४ मध्ये 'पूर्क्वा-पा' नावाच्या जहाजातून ते ग्रीनलंडच्या मोहिमेवर जाऊन आले. १९३६ मध्ये पुन्हा जायचं ठरत होतं, तेवढ्यात बोरिस एफ्रुसी या ज्येष्ठ सहकाऱ्याने त्यांना अमेरिकेत कॅलिफोर्नियाला आनुवंशशास्त्र शिकायला येण्याची गळ घातली. मोनो अमेरिकेला गेले. त्याच सप्टेंबरात ते जहाज आइसलंडजवळ फुटलं आणि एकच खलाशी वाचला. कॅलिफोर्नियात मात्र आनुवंशशास्त्रापेक्षा वाद्यवृंदच जास्त झाला. शास्त्र की संगीत, हा प्रश्न त्यांना तिशीपर्यंत सुटला नव्हता.

तो सोडवला जिवाणूंनी. मोनो त्यांना दोन प्रकारच्या साखरा एकदम खाऊ घालत, ग्लुकोज आणि दुधातली लॅक्टोज. जिवाणू आधी ग्लुकोज फस्त करत, मग वाढ थबके आणि थोड्या वेळाने लॅक्टोजवर पुन्हा सुरू होई. पंगतीत आवडता पदार्थ संपेपर्यंत दुसऱ्याकडे न बघणाऱ्या मुलासारखंच हे. पण मुलाला डोकं असतं. डोळ्यांनाही न दिसणाऱ्या या एका पेशीला कोण सांगतं, आता हे, मग ते? १९४१ साली हाच त्यांच्या डॉक्टरेटचा प्रबंध झाला, आणि हाच प्रश्न जन्मभर पुरला.

दरम्यान युद्ध सुरू झालं होतं. पत्नी ओदेत ब्रूल ज्यू घराण्यातली. तिचा अभ्यास भारत, नेपाळ आणि तिबेटच्या कलेचा. आपल्याकडच्या देवळांच्या छायाचित्रांचं एक पुस्तकही तिने सिद्ध केलं होतं. १९३९ मध्ये जुळे मुलगे झालेले. ज्यूंची धरपकड सुरू असताना असं घर मागे ठेवून मोनो प्रतिकार चळवळीत शिरले आणि चढत चढत भूमिगत सेनेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांत पोहोचले. सोर्बोन धोक्याचं झालं तेव्हा आंद्रे ल्वॉफ यांनी त्यांना पाश्चर संस्थेत टेबल दिलं. प्रयोग चालूच राहिले. पॅरिस सुटलं, आणि पुढे मोनो पाश्चर संस्थेचेच झाले.

युद्धात ते कम्युनिस्ट पक्षात गेले होते. नंतर दूर झाले. १९४८ मध्ये रशियात लायसेंकोच्या हट्टापायी आनुवंशशास्त्रच मोडीत निघालं, तेव्हा 'काँबा' या वृत्तपत्रात मोनोंनी त्याच्यावर कडाडून टीका केली. पुरावा न जुमानणाऱ्या सिद्धान्ताची चीड त्यांच्या मनात तेव्हापासून पक्की बसली. हे लक्षात ठेवा, कारण पुढे हीच चीड त्यांच्या स्वतःच्या सिद्धान्ताला आडवी येणार आहे.

आता थोडं एन्झाइमविषयी. शालेय पुस्तकात त्यांना विकर म्हणतात. पेशीतली प्रत्येक रासायनिक क्रिया वेगाने व्हायला एकेक एन्झाइम लागतं. एन्झाइमवर एक खाच असते, तीत ठरावीक पदार्थ बसतो, बदलतो, बाहेर पडतो. एकाने बदललेला पदार्थ पुढचं एन्झाइम घेतं, त्यापुढे तिसरं. घरात पोळ्या होताना एकीने कणीक मळावी, दुसरीने लाटावी, तिसरीने भाजावी, तशी ही साखळी. जिवाणू थ्रिओनीनपासून आयसोल्युसीन हे अमिनो आम्ल तयार करतो ते अशाच पाच पायऱ्यांनी. १९५६ मध्ये एडविन अंबार्गर यांनी दाखवलं, की आयसोल्युसीन पुरेसं साठलं की ते थेट पहिल्या पायरीवरच्या एन्झाइमला थांबवतं. पोळ्यांचा डबा भरला की सूचना भाजणारीला जात नाही, कणीक मळणारीलाच जाते. कणीक वाया जात नाही. कोणत्याही गृहिणीला पटेल असा हा कारभार!

पण थांबवतं कसं? त्या वेळची समजूत अशी, की आयसोल्युसीन थोडंफार थ्रिओनीनसारखं असल्याने तेच खाचेत जाऊन बसतं आणि वाट अडवतं. मोनोंचे तरुण विद्यार्थी झाँ-पिएर शांझ्यू यांनी हे एन्झाइम हाती घेतलं, आणि एक विचित्र गोष्ट दिसली. एन्झाइमला जपून तापवलं, काही रसायनं लावली, तर ते आयसोल्युसीनचं ऐकेनासं होई, पण स्वतःचं काम मात्र करत राही. खाच एकच असती तर दोन्ही गोष्टी एकदम बिघडल्या असत्या.

इथे मला माझं काउंटर आठवतं. पूर्वी ग्राहक खिडकीवर चेक देई, पितळी टोकन घेऊन बाकावर बसे. चेक लेजरवर, तिथून अधिकाऱ्याकडे, मग कॅशियरकडे. पैसे देणं थांबवायचे दोन मार्ग. एक म्हणजे कुणी खिडकीतच ठाण मांडून बसायचं, की दुसऱ्याचा चेक आत जाऊ नये. दुसरा 'स्टॉप पेमेंट'चा. खातेदाराचं पत्र आवक टपालातून येतं, खिडकीशी त्याचा संबंध नाही, चेकसारखं ते दिसतही नाही. लेजरवर लाल शाईची नोंद होते, आणि पलीकडे कॅशियरचा हात थबकतो. टपाल घेणारं टेबल तेवढं बंद पाडा, चेक बिनदिक्कत वटत राहतील. शांझ्यूंच्या तापवलेल्या एन्झाइमचं नेमकं हेच झालं होतं. एन्झाइमला दुसरी जागा असते. तिथे एक छोटा रेणू येऊन बसतो, त्याने सगळ्या एन्झाइमचा आकार किंचित बदलतो, आणि दूरची खाच ढिली किंवा घट्ट होते. निरोप थांबण्याचा असेल तसा जोमाने काम करण्याचाही असतो. या रचनेला ग्रीक शब्दांवरून ॲलॉस्टेरी म्हणतात. 'ॲलॉस' म्हणजे दुसरा, 'स्टेरिऑस' म्हणजे घन आकार.

१९६१ च्या अखेरीस एका संध्याकाळी मोनो आग्नेस उलमान या सहकारी बाईंच्या प्रयोगशाळेत शिरले. या बाईंना आणि त्यांच्या पतीला १९६० मध्ये हंगेरीतून गुपचूप बाहेर काढण्याची योजना मोनोंनीच आखली होती. गाडीमागच्या फिरत्या घरातल्या न्हाणीच्या टबाखाली दडून दोघं सरहद्द पार झाली होती. जिराफाच्या पायात कागद लपवणाऱ्याला शोभेलशीच युक्ती. त्या संध्याकाळी मोनोंचा चेहरा ओढलेला होता. जीवनाचं दुसरं गुपित आपल्याला सापडलं आहे, असं ते म्हणाले. पहिलं गुपित डीएनए, हे न सांगता कळण्यासारखं. बाई घाबरल्या, त्यांनी व्हिस्की देऊ केली. दोनेक पेले झाल्यावर मोनोंनी सगळं उलगडून सांगितलं.

एवढं काय होतं त्यात? दुसरी जागा वेगळी असल्याने निरोप्या रेणूचं मूळ पदार्थाशी कसलंही रासायनिक नातं असायची गरज उरत नाही. कोणताही रेणू कोणत्याही एन्झाइमला हुकूम देऊ शकतो, उत्क्रांतीने तेवढी जागा घडवली की झालं. पेशीतल्या हजार क्रिया एकमेकींचं ऐकतात, हात राखून खर्च करतात, ते या मोकळिकीमुळे.

पण इथेच ती जुनी चीड उभी राहिली. एन्झाइम थांबलं तरी ॲलॉस्टेरी, धावलं तरी ॲलॉस्टेरी! सगळंच समजावून सांगणारी कल्पना खोटी ठरवायची कशी? हा टोमणा सहकाऱ्यांनी मारलाच, आणि तो मोनोंना झोंबला, कारण तो त्यांच्याच मनातला होता. १९६५ मध्ये जेफ्रीज वायमन आणि शांझ्यू यांच्यासह त्यांनी उत्तर दिलं ते गणिताच्या भाषेत, म्हणजे कुणालाही मोजून खोडता येईल असं. अशी प्रथिनं सारख्या तुकड्यांची बनलेली असतात, त्यांच्या अवस्था दोनच, आवळलेली आणि सैल, आणि सगळे तुकडे एकदमच अवस्था बदलतात. छत्रीची एकटी काडी उघडत नाही, उघडतात त्या सगळ्या. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन एन्झाइम नव्हे, तरी नमुना तोच. चारपैकी एका तुकड्याला प्राणवायू चिकटला की बाकीच्यांना तो घेणं सोपं जातं. म्हणून ते फुप्फुसात भरभरून घेतं आणि स्नायूंत मोकळ्या हाताने देतं.

१९६६ मध्ये डॅनियल कॉशलंड आणि सहकाऱ्यांनी दुसरी बाजू मांडली: तुकडे पाकळ्यांसारखे एकामागून एक बदलत असतील. काही प्रथिनांत एक तुकडा भरला की उरलेल्यांना उलट अवघड जातं. ते मोनोंच्या गणितात बसत नाही, कॉशलंडच्या बसतं. आज दोन्ही नमुने शिकवले जातात. माझ्या मते मोनोंचा मोठेपणा या अपुरेपणातच आहे. खोडता येईल असं लिहायचं त्यांनी स्वतःहून पत्करलं होतं.

१९६५ चं नोबेल ल्वॉफ, फ्रान्स्वा झाकोब आणि मोनो यांना मिळालं ते जनुकं चालू-बंद होण्याच्या शोधासाठी. पण तिथेही हीच कळ दडली होती. लॅक्टोजचं जनुक बंद ठेवणारं एक प्रथिन असतं. लॅक्टोज आलं, की तिच्यापासूनच होणारा एक रेणू त्या प्रथिनाला चिकटतो, आकार बदलतो, प्रथिन डीएनएवरून सुटतं, आणि जिवाणू दुसऱ्या साखरेकडे वळतो. पंगतीतल्या त्या मुलाचं कोडं असं सुटलं. पुढे शांझ्यूंनी ही कल्पना मज्जातंतूंवरच्या प्रथिनांपर्यंत नेली. डायझेपामसारखी चिंता शमवणारी औषधंही मेंदूतल्या एका प्रथिनाच्या अशाच दुसऱ्या जागी बसून काम करतात.

१९७१ मध्ये मोनो पाश्चर संस्थेचे संचालक झाले. संस्था पैशाच्या ओढगस्तीत होती, आणि प्रयोगशाळेचा माणूस ताळेबंद बघत बसला. बँकवाल्याला त्यांची खरी दया येते ती इथे. रक्ताच्या आजाराने ३१ मे १९७६ रोजी कान इथे ते वारले. लॅक्टोजच्या त्या प्रथिनाची स्फटिकावरून काढलेली घडण १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. एका टोकाला डीएनएला धरणारा भाग, आणि त्याच्यापासून बराच दूर, वेगळीच, छोट्या रेणूची जागा.