यष्टिरक्षक जनार्दन नवले

केनवडच्या आसपास सुगी आटोपून खळीं मोकळीं झालीं, कीं मुलें तेथें तीन काठ्या रोवून क्रिकेट खेळूं लागतात. चेंडू टाकण्यासाठीं भांडणें होतात, फळी हातीं यावी म्हणून रडारडहि होते. परंतु काठ्यांच्या मागें उभें राहण्यास कोणी राजी नसतो. जो सर्वांत धाकटा किंवा दुबळा असेल त्याला तेथें लोटतात. त्याच जागेवर ज्यांनीं नांव मिळविलें अशा एका मराठी गृहस्थांचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों.

जनार्दन ज्ञानोबा नवले यांचा जन्म ७ डिसेंबर १९०२ रोजीं महाराष्ट्रांतील फुलगांव येथें झाला. सोळाव्या वर्षापासूनच ते मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदूंच्या संघाकडून खेळूं लागले. युरोपियन, पारशी, हिंदु व मुसलमान असे हे चार संघ असत. एतद्देशीय ख्रिस्ती खेळाडूला त्यांत जागाच नव्हती. १९३७ सालीं इतरांचा म्हणून पांचवा संघ निघाला तेव्हां ती मिळाली, आणि आपल्यांतील सांगलीचे विजय हजारे त्या संघाकडून खेळून नांवारूपास आले. मैदानांत उतरणाऱ्यासहि आधीं त्याचा धर्म विचारला जावा, हें आम्हांस फार खटकतें.

यष्टिरक्षकाला प्रत्येक चेंडूबरोबर वांकावें व उठावें लागतें. गोलंदाज जलद असेल तर तो मागें दूर उभा राहतो. संथ असेल तर यष्टींना अगदीं लागून. फलंदाजाचें पाऊल रेषेबाहेर पडतें न पडतें तोंच चेंडू धरून यष्टी उडवावयाच्या असतात. एकदां चुकला तर सारें मैदान पाहतें. दिवसभर न चुकला तर कोणी पाहत नाहीं. नवले यांचे हात या कामीं विलक्षण चपळ होते.

१९३२ सालीं हिंदुस्थानचा संघ इंग्लंडास गेला. दौऱ्याचे कप्तान पोरबंदरचे महाराज होते. पण राजपद आणि खेळ या दोन गोष्टी भिन्न आहेत हें त्यांनीं ओळखिलें, आणि २५ जून रोजीं लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर देशाचा पहिला कसोटी सामना सुरू झाला तेव्हां नेतृत्व नागपूरच्या सी. के. नायडूंकडे होतें. इंग्लंडची खेळी प्रथम होती. महंमद निसार यांचे झंझावाती चेंडू घेण्यास यष्टींमागें नवले उभे होते. पाहतां पाहतां इंग्लंडचे तीन गडी अवघ्या १९ धावांत परतले! पुढें त्यांचा डाव २५९ पर्यंत गेला.

दिवसभर असें उठबस केल्यावर नवले यांस विसांवा मिळाला नाहीं. नऊमल जेऊमल यांच्यासह त्यांनाच डाव उघडण्यास धाडण्यांत आलें. कसोटी सामन्यांत हिंदुस्थानतर्फें पहिला चेंडू खेळला तो नवले यांनीं. संध्याकाळीं ३० धावा झाल्या होत्या व दोघेहि नाबाद होते. दुसरा दिवस प्रभुवार असल्यामुळें खेळ बंद राहिला. सोमवारीं नवले १२ धावांवर बाद झाले, दुसऱ्या डावांत त्यांनीं १३ केल्या, आणि सामना १५८ धावांनीं हातचा गेला.

त्याच सामन्यांत इंग्लंडचे यष्टिरक्षक लेस्ली एम्स हे होते. ते केंट परगण्याच्या संघाचे पगारी खेळाडू. तिकडे परगण्यांचे संघ अशा खेळाडूंना वेतन देत, आणि दीर्घ सेवा केलेल्यासाठीं एखादा सामना नेमून त्याचें उत्पन्न त्याच्या पदरीं घालीत. एम्स पुढें केंटचे व्यवस्थापकहि झाले. एकाच यष्टींमागें आलटून पालटून उभे राहिलेले हे दोघे. पण नवले यांच्या पाठीशीं असा कोणता परगणा होता? आपल्याकडे खेळाडूची भिस्त संस्थानिकांच्या मर्जीवर किंवा नोकरीवर असे.

डिसेंबर १९३३ मध्यें मुंबईच्या जिमखान्यावर ते दुसरा कसोटी सामना खेळले. लाला अमरनाथ यांनीं देशाचें पहिलें शतक काढलें तो हा सामना. साऱ्या तोंडीं तेंच. नवले यांच्या धावा १३ आणि ४. कलकत्त्याच्या पुढील सामन्यांत यष्टींमागें दिलावर हुसेन आले, आणि नवले यांना पुन्हां बोलावणें आलें नाहीं.

तुम्ही आम्ही त्या खेळाच्या चालकांना दोष देऊं, व तो योग्यच आहे. तरी ज्या वृद्ध उपदेशकानें चाळीस पावसाळे चिखल तुडवून आपल्या खेड्यांत शास्त्र वाचून दाखविलें, त्याच्या चुलीची चौकशी मंडळीनें शेवटची केव्हां केली, हेंहि पंचांनीं येत्या बैठकींत पाहावें.

खेळ सुटल्यावर नवले यांनीं एका साखर कारखान्यांत पहारेकऱ्याची नोकरी केली. पुण्यांत दोन खोल्यांच्या घरांत ते राहत असत. तेथेंच ७ सप्टेंबर १९७९ रोजीं, वयाच्या ७६ व्या वर्षीं त्यांचा अंत झाला.