टॉमी आणि त्याचा बॉबी

घोड्यांच्या शर्यती मी आयुष्यात एकदाच पाहिल्या. बँकेतले एक सहकारी शौकीन होते, त्यांनी एका रविवारी ओढून नेलं. तिसऱ्या की चौथ्या शर्यतीत वळणावर एक घोडा कोसळला. चटकन कनाती लागल्या. लोक तिकिटं फाडून पुढच्या शर्यतीच्या आकड्यांत गुंतले. थोड्या वेळाने कठड्याच्या कडेने एक मोतद्दार एकटाच परतताना दिसला. त्याच्या हातात नुसता लगाम होता.

पाय मोडलेल्या घोड्याला मारून का टाकतात, हे मला पुढे कळलं. गुडघ्याखाली त्याच्या पायाला मांस नसतंच, नुसती हाडं, शिरा आणि कातडी. साडेचारशे-पाचशे किलोचं धूड तीन पायांवर पेलायचं म्हटलं की धडक्या पायाच्या खुरातले पदर सुटू लागतात. आणि माणसासारखं त्याला महिना महिना निजवून ठेवता येत नाही. हे सगळं पटण्यासारखं आहे. पण तो लगाम काही डोळ्यांपुढून जाईना, आणि त्याच्या नादाने वाचता वाचता मी ऑस्ट्रेलियातल्या टॉमी वुडकॉकपर्यंत पोहोचलो.

टॉमीचा जन्म १९०५ सालचा, न्यू साउथ वेल्समधला. तरुणपणी जॉकी होण्याची धडपड करून झाली आणि शेवटी तो तबेल्यात रमला. तिथे त्याच्या हाती फार लॅप आला. न्यूझीलंडमध्ये जन्मलेला, तांबूस रंगाचा, अवघ्या १६० गिनींना घेतलेला बेढब घोडा. मालक डेव्हिस यांना तो पाहताक्षणी नापसंत. तेव्हा ट्रेनर हॅरी टेलफर्ड यांनी तो तीन वर्षांच्या भाडेकरारावर घेतला. खर्च सगळा टेलफर्डचा, बक्षिसाचे दोन हिस्से त्यांचे, एक मालकाचा. उभा जन्म कर्जाच्या कागदपत्रांत गेल्यामुळे असा करार वाचायला मला आवडतो. मात्र घोड्याजवळ रात्र काढणाऱ्या पोराचं नाव या करारात कुठेच नव्हतं.

टॉमी त्याला बॉबी म्हणे. टॉमीच्या हातचं असेल तरच बॉबी खाई आणि लाडात आला की त्याचा शर्ट चावून फाडी, असं सांगतात. ते मंदीचे दिवस होते. हाताला काम नसलेली माणसं या घोड्याच्या जिंकण्यावर जगत होती म्हटलं तरी चालेल. अर्थात सट्टेवाल्यांना तो नकोसा झाला होता. १ नोव्हेंबर १९३० च्या सकाळी सराव करून परतताना एका मोटारीतून बॉबीवर गोळी झाडली गेली. टॉमी तट्टावर होता. त्याने तट्टू मध्ये घातलं आणि बॉबीला कुंपणाशी दाबून धरलं. नेम चुकला. त्याच दुपारी बॉबी एक शर्यत जिंकला आणि तीन दिवसांनी मेलबर्न कप.

पुढच्या वर्षी कपाच्या वेळी त्याच्या पाठीवर ६८ किलो वजन लादलं गेलं. तो आठवा आला. यात नवल काय?

मग अमेरिकेची टूम निघाली. टेलफर्ड गेले नाहीत. जहाजाने घोडा नेण्याची आणि त्याला शर्यतीसाठी तयार करण्याची सगळी जबाबदारी सव्वीस वर्षांच्या टॉमीवर आली. शर्यत होती मेक्सिकोत, तिहुआनाजवळच्या आग्वा कालिएंतेला. तिथे सरावात बॉबीच्या खुराला चीर गेली. मला या गोष्टीतला हा भाग सर्वांत अवघड वाटतो. खूर म्हणजे घोड्याचं सगळं भांडवल. चीर पडलेली, वेगळ्या तऱ्हेचा नाल ठोकलेला, आणि ज्याने त्याला जिवापाड जपलं त्यानेच त्याला मैदानात उतरवायचं. टॉमीच्या जागी मी असतो तर त्या रात्री नाल ठोकणाऱ्याला सात वेळा उठवलं असतं. २० मार्च १९३२ रोजी बॉबी धावला, सव्वा मैलाचा त्या मैदानावरचा विक्रम मोडून जिंकला. दुखऱ्या खुरानेच.

मग विश्रांतीसाठी त्याला कॅलिफोर्नियात मेनलो पार्कला आणलं. ५ एप्रिलच्या सकाळी टॉमीला तो तापाने फणफणलेला आणि वेदनेने तळमळताना दिसला. काही तासांत आतून रक्तस्राव होऊन टॉमीच्या देखत त्याने प्राण सोडला. शर्यतीला पुरते सोळा दिवसही झाले नव्हते.

मग सुरू झालं विषप्रयोगाचं गुऱ्हाळ. ते आजही पुरतं थांबलेलं नाही. २००८ साली संशोधकांनी त्याच्या आयाळीचे केस तपासून सांगितलं, की मरणाआधीच्या दोन दिवसांत त्याच्या पोटात भरपूर आर्सेनिक गेलं होतं. पण त्या काळी घोड्यांच्या शक्तिवर्धक काढ्यांतही आर्सेनिक घालत. म्हणजे बोट गुंडांकडे जातं तसंच तबेल्याकडेही वळतं. आतड्याला संसर्ग झाला असावा, असंही काही पशुवैद्य म्हणतात. टॉमी हे निष्कर्ष ऐकायला राहिला नव्हता. परंतु शंकेचं भूत जवळजवळ त्रेपन्न वर्षं त्याच्या मागे होतं. ज्याच्या हातून घोडा खात होता, त्याच्याच हाताकडे लोक पाहणार, हे त्याला कळत नसेल असं मला वाटत नाही.

घोड्याची मात्र वाटणी झाली. कातडं मेलबर्नच्या संग्रहालयात, सांगाडा न्यूझीलंडला, सहा किलोंहून जड हृदय कॅनबेराला. लोक अजून रांगा लावून पाहतात.

टॉमीने तबेला सोडला नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. तो स्वतः ट्रेनर झाला. लहान प्रमाणावर, गाजावाजा न करता. सत्तरी ओलांडल्यावर त्याच्याकडे रेकलेस नावाचा घोडा होता. बराच काळ हरत आलेला. १९७७ मध्ये त्याने सिडनी, ॲडलेड आणि ब्रिस्बेन असे तीन कप जिंकले आणि मेलबर्न कपात तो दुसरा आला. पहिला आला नाही याची हळहळ साऱ्या देशाला लागली.

त्या सुमाराचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. तबेल्यात रेकलेस बसला आहे, आणि शेजारी गवतावर म्हातारा टॉमी आडवा झाला आहे. २७ एप्रिल १९८५ रोजी तो गेला. मी ते छायाचित्र कापून टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे. ज्या सहकाऱ्याने मला शर्यतीला नेलं होतं, ते मध्यंतरी घरी आले. त्यांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिलं, आणि घोडा कितवा आला होता तेवढं विचारलं.