शब्द वेचणारे मोल्सवर्थसाहेब

भगिनींनो, आजीच्या तोंडचे शब्द आपण गावंढळ म्हणून टाकून देतो. पण तेच शब्द वेचण्यात एका परक्या गृहस्थाने उभे आयुष्य घालवले.

जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांचा जन्म १७९५ सालचा. कोवळ्या वयात ते कंपनीच्या फौजेत इकडे आले आणि मराठीच्या नादी लागले. शास्त्रीपंडितांना हाताशी धरून त्यांनी शब्द जमवले, आणि १८३१ साली त्यांचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईत छापून निघाला. पुढे प्रकृतीमुळे ते विलायतेस गेले. पण ओढ सुटेना. परत येऊन १८५७ साली त्यांनी सुमारे ६०,००० शब्दांची दुसरी आवृत्ती काढली. जॉर्ज व थॉमस या कँडी बंधूंचे त्यांना साह्य होते. पोथीतल्या शब्दांशेजारी शेतातले, चुलीपुढचे, आपल्या कोकणातले शब्दही त्यांनी मानाने बसवले. लोक त्यांना मोलेसर शास्त्री म्हणत. १८७१ साली ते निवर्तले.

मी सातवी शिकलेली. परवा 'पागोळी' म्हणाले, तर मुलगी हसली. तिला कोशात तो शब्द दाखवला. आता पाऊस लागला की तीच पागोळ्या मोजते! सख्यांनो, घरचे शब्द बोलत राहू या.