पेशींच्या श्वसनाचे अभ्यासक : ओटो वारबुर्ग

दुधात विरजण घातले, की रात्रीतून त्याचे दही होते. विरजणातील सूक्ष्म जंतू दुधातील साखरेचे लॅक्टिक आम्ल बनवितात आणि त्या क्रियेतून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगतात. त्यासाठी त्यांना प्राणवायू लागत नाही. आपल्या शरीरातील बहुतेक पेशींची रीत निराळी आहे. श्वासावाटे आलेल्या प्राणवायूच्या साहाय्याने त्या साखरेचे संथ ज्वलन करतात आणि तेवढ्याच साखरेपासून कितीतरी पट अधिक ऊर्जा मिळवितात. फार वेगाने धावताना आपले स्नायूही आंबविण्याच्या मार्गाचा आश्रय घेतात. परंतु विसावा मिळताच ते पूर्ववत होतात. कर्करोगाची पेशी मात्र भरपूर प्राणवायू मिळत असतानाही साखर आंबवीतच राहते. ही विलक्षण गोष्ट ज्यांनी मोजून दाखविली, ते शास्त्रज्ञ म्हणजे ओटो वारबुर्ग.

ओटो यांचा जन्म ८ ऑक्टोबर १८८३ रोजी जर्मनीतील फ्रायबुर्ग या गावी झाला. त्यांचे वडील एमिल वारबुर्ग हे नामांकित भौतिकशास्त्रज्ञ होते. पुढे ते बर्लिन येथे प्राध्यापक झाले आणि ओटो त्या विद्येच्या वातावरणात वाढले. जे मोजता येते ते काटेकोरपणे मोजावे, ही शिस्त त्यांच्या अंगी बाणली. थोर रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांच्या हाताखाली शिकून १९०६ साली त्यांनी रसायनशास्त्रातील पदवी मिळविली. तेवढ्यावर समाधान न मानता १९११ साली ते हायडेलबर्ग येथे वैद्यकाचेही पदवीधर झाले. कर्करोगाचे मूळ शोधून काढावे, ही त्यांची महत्त्वाकांक्षा होती.

विद्यार्थिदशेतच त्यांनी सी-अर्चिन नावाच्या काटेरी समुद्रप्राण्याच्या अंड्यांवर प्रयोग केले. अंडे फलित होऊन वाढू लागले, की त्याचा प्राणवायूचा खप सुमारे सहापट होतो, असे त्यांना आढळले. तेव्हा झपाट्याने वाढणाऱ्या कर्करोगाच्या गाठीलाही प्राणवायू फार लागत असावा, असा त्यांचा तर्क होता.

तो तर्क पडताळून पाहण्यापूर्वीच १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. वारबुर्ग घोडदळात दाखल झाले आणि लढाईत जखमीही झाले. युद्धाच्या अखेरच्या वर्षी, १९१८ साली, आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी त्यांना पत्र लिहून संशोधनाकडे परत येण्याची कळकळीची विनंती केली. ती मानून ते बर्लिनच्या प्रयोगशाळेत परतले.

१९२३ च्या सुमारास त्यांनी कर्करोगाच्या प्रश्नाला हात घातला. उंदराच्या अंगावरील गाठीचे अतिशय पातळ काप करून ते काचेच्या लहान भांड्यात ठेवले. भांडे शरीराइतक्याच उबदार पाण्यात सतत हलते ठेवले आणि त्याला वायूचा दाब दाखविणारी नळी जोडली. किती प्राणवायू खर्च झाला व किती आम्ल निर्माण झाले, हे त्या दाबावरून कळत असे. निष्कर्ष अगदी अनपेक्षित निघाला. गाठीचा प्राणवायूचा खप मुळीच वाढलेला नव्हता. उलट भोवती प्राणवायू असूनही ती साखरेचे लॅक्टिक आम्ल मोठ्या प्रमाणावर बनवीत होती. स्वतःचा आवडता तर्क चुकला, याचा खेद न करता वारबुर्ग यांनी जे दिसले ते जगापुढे मांडले.

पेशी प्राणवायूचा उपयोग कसा करते, याचाही त्यांनी छडा लावला. या कामी लोहयुक्त विकर उपयोगी पडते, या शोधाबद्दल त्यांना १९३१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वडिलांचे घराणे ज्यू असल्यामुळे हिटलरच्या राजवटीत त्यांच्यावर संकट आले. १९४१ साली त्यांना पदावरून दूर करण्यात आले. परंतु काही आठवड्यांतच कर्करोगाच्या संशोधनासाठी त्यांना परत घेण्यात आले.

कर्करोगाचे मूळ कारण पेशीचे श्वसन बिघडणे हेच होय, असे वारबुर्ग यांनी ठामपणे सांगितले. अनेक शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले, तरी ते आपल्या मतापासून ढळले नाहीत. ज्या पुरुषाने तरुणपणी प्रयोगापुढे आपला तर्क सोडून दिला, त्यालाच उतारवयात आपले मत सोडवेना! १ ऑगस्ट १९७० रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, बर्लिन येथे त्यांचे निधन झाले.

पुढील संशोधनाने त्यांचे मत अपुरे ठरविले. कर्करोगाच्या बहुतेक पेशींचे श्वसन चालूच असते. रोगाचे मूळ पेशीतील जनुकांच्या बिघाडात असते आणि त्या बिघाडामुळे पेशीचे चयापचयही बदलते. साखर भराभर आत ओढून तिचा काही भाग ती नव्या पेशींच्या बांधणीसाठी वापरते, असे आता मानले जाते. परंतु वारबुर्ग यांनी मोजलेली गोष्ट मात्र अढळ राहिली. आज रोग्याच्या शरीरात साखरेसारखा एक किरणोत्सर्गी पदार्थ अल्प प्रमाणात सोडतात. साखरेची हावरी असलेली गाठ तो शोषून घेते आणि यंत्राच्या चित्रात उठून दिसते. तिचा ठावठिकाणा कळल्यामुळे डॉक्टरांना उपचारांची दिशा ठरविता येते.

माणसाचे मत चुकू शकते. पण प्रामाणिकपणे केलेले मोजमाप पिढ्यान् पिढ्या उपयोगी पडते. वारबुर्ग यांचे जीवन आपणांस हेच शिकविते.