सरासरीच्या खाली कोण आहे?

दहावीच्या गणितात सांख्यिकीचे प्रकरण आले, की बीडमधल्या घराघरांतून मध्य, मध्यक आणि बहुलक यांची घोकंपट्टी सुरू होते. सूत्र पाठ होते, गुण पदरात पडतात आणि वही माळ्यावर जाते. पण याच तीन शब्दांशी आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांचा, पाण्याचा आणि दवाखान्यांचा हिशेब बांधलेला आहे, हे मुलांना कोणी सांगत नाही. तो हिशेब ज्यांनी प्रथम मांडला, ते वि. म. दांडेकर.

आधी एक छोटे गणित. एका शिवारात पाच शेतकरी आहेत. त्यांची जमीन अनुक्रमे २, ३, ३, ४ आणि २८ एकर. बेरीज ४०, म्हणजे सरासरी आठ एकर. कागदावर गाव खाऊनपिऊन सुखी दिसते. प्रत्यक्षात आठ एकरांचा धनी तिथे एकही नाही; चौघांकडे तर त्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी जमीन आहे. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला पाहिला तर तो निघतो तीन. सर्वांत जास्त वेळा आलेला आकडाही तीनच. अठ्ठावीस एकरवाल्या एकाने सरासरी आपल्याकडे ओढून नेली आहे. दांडेकरांचे बरेचसे आयुष्य अशी ओढलेली सरासरी उलगडून, तिच्याखाली कोण दडले आहे ते पाहण्यात गेले.

विनायक महादेव दांडेकर यांचा जन्म ६ जुलै १९२० रोजी साताऱ्यात झाला. संख्याशास्त्राचे शिक्षण घेऊन ते १९४५ मध्ये पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेत दाखल झाले. तिथे धनंजयराव गाडगीळ होते, आणि गावोगाव फिरून माहिती गोळा करण्याची शिस्त होती. लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासक म्हणून नाव मिळवलेल्या कुमुदिनी दांडेकर या त्यांच्या पत्नी. पुणे जिल्ह्यातील जन्म-मृत्यूंची पाहणी दोघांनी मिळून केली. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, तेव्हा पुण्याच्या संस्थेने वापरलेल्या तक्त्यांवर दांडेकरांनी १९५३ मध्ये अहवाल लिहिला. आकडा वापरण्याआधी तो कसा जमवला गेला हे तपासण्याची ही सवय त्यांना पुढेही राहिली. १९६६ ते १९८० या काळात ते संस्थेचे संचालक होते.

देशभर त्यांचे नाव झाले ते १९७१ मध्ये. नीळकंठ रथ यांच्यासमवेत त्यांनी भारतातील दारिद्र्यावर दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. दरडोई सरासरी खर्च किती, एवढ्यावर ते थांबले नाहीत. लोकांना खर्चाच्या चढत्या क्रमाने उभे करून, दिवसाला २२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च कोणाला परवडतो, हे त्यांनी पाहिले. १९६०-६१ च्या किमतींना ग्रामीण भागात त्यासाठी माणशी वर्षाला सुमारे १७० रुपये, तर शहरात २७१ रुपये लागत. खेड्यांतली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे ५० टक्के माणसे या रेषेखाली निघाली. साठच्या दशकात देशाची सरासरी थोडी वर सरकली होती खरी. पण खेड्यांतले तळचे २० टक्के जवळपास होते तिथेच राहिले आणि शहरांतल्या तळच्या २० टक्क्यांची स्थिती चक्क खालावली, हेही त्यातून उघड झाले.

यावर वाद झाला, आणि तो घातला सातारा जिल्ह्यातल्याच दुसऱ्या संख्याशास्त्रज्ञाने. जागतिक अन्न व कृषी संघटनेत काम करून पुण्याला परतलेले पां. वा. सुखात्मे यांचा मुद्दा सरासरीविषयीच होता. २२५० हा सरासरी गरजेचा आकडा. निरोगी माणसांच्या गरजा त्याच्या खाली-वर पसरलेल्या असतात, एकाच माणसाचा आहारही दिवसागणिक बदलतो. म्हणून सरासरीखालचा प्रत्येक जण कुपोषित मानता येणार नाही, रेषा बरीच खाली ओढली पाहिजे, असे ते म्हणत. दांडेकरांचे उत्तर असे, की दारिद्र्य आणि कुपोषण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या मते दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. एक शरीराचा पसारा मोजत होता, दुसरा खिशाचा.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. निजामी राजवटीतून १९४८ मध्ये सुटलेला मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि पुढे महाराष्ट्राचा भाग झाला. विकासात आपण मागे पडलो, ही तक्रार वाढत गेली. १९८३ मध्ये राज्य सरकारने दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाची सत्यशोधन समिती नेमली. सरासरीवर आयुष्यभर संशय घेणाऱ्या माणसाला आता सरासरीचाच गज हाती धरावा लागला! रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा प्रत्येक बाबीत राज्याची सरासरी काढायची, जिल्हा तिच्या किती खाली आहे ते पाहायचे आणि ती तूट भरायला लागणारा पैसा म्हणजे अनुशेष.

१९८४ च्या अहवालात हा अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये निघाला. विदर्भाचा १,२४६.५५ कोटी, उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९.३८ कोटी आणि मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी, म्हणजे साडेतेवीस टक्के. इथे अनेकांना धक्का बसला. ज्यांच्याकडे बोट दाखवायचे, त्यांचाच अनुशेष आपल्यापेक्षा मोठा? खुलासा मोजमापाच्या एककात आहे. समितीने प्रदेश न धरता जिल्हा धरला. एका जिल्ह्याची चढती बाजू शेजारच्या जिल्ह्याची तूट झाकू शकली नाही, त्यामुळे सधन भागातले मागास जिल्हेही उघडे पडले. मराठवाड्यात नाराजी झाली, ती समजण्यासारखी होती. पण पद्धतीत लबाडी नव्हती.

अडचण वेगळीच होती. खालचे वर येतात तेव्हा सरासरीही वर जाते. पुढचे आणखी पुढे गेले तर ती आणखी वर. ३० जुलै १९९५ रोजी दांडेकरांचे निधन झाले. त्याच वर्षी नेमलेल्या निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ च्या स्थितीवर पुन्हा हिशेब मांडला. एकूण अनुशेष १४,००६.७७ कोटी झाला. त्यात महागाईचाही वाटा होताच. पण टक्केवारी पाहा: उर्वरित महाराष्ट्राचा हिस्सा ३७ वरून २४ टक्क्यांवर उतरला, मराठवाड्याचा मात्र साडेतेवीसवरून साडेअठ्ठावीसच्या पुढे गेला.

शिवाय जिल्ह्याची म्हणून जी सरासरी, तिच्याही पोटात अकरा तालुके आहेत. माजलगावचा कालवा आणि आष्टी-पाटोद्याचे कोरडे माळ एकाच आकड्यात मिसळले, की काय होते ते पाच शेतकऱ्यांच्या गणितात आपण पाहिलेच. विजय केळकर समितीने २०१३ च्या अहवालात जिल्ह्याऐवजी तालुका हे एकक धरले, तो दांडेकरांच्याच वाटेवरचा पुढचा टप्पा होता.